नाणेघाटाच्या माथ्यावरील मुक्काम

जुन्नर ही एके काळी मोठी पेठ होती, हे आज तेथील बाजारातून फिरताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून या गावी येई आणि पुढे पैठणकडे जाई. पुण्याहून जुन्नर सुमारे ९५ किलोमीटर. तेथून माथ्यावरचे घाटघर आणखी तीसेक. एवढ्याशा अंतरासाठी मुक्काम कशाला, असे अनेकांस वाटते. परंतु दुपारी जाऊन सायंकाळी परतणाऱ्यास केवळ दगडी रांजण दिसतो, घाट दिसत नाही.

या रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते. व्यापारी घराण्यातील वाचकांनी मात्र तेथे फार न रेंगाळता खिंडीतील लेण्यात शिरावे. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी त्याची नोंद केली. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण यांच्या संख्या त्यात अंकांत कोरल्या आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. शून्य अर्थातच नाही. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडावयाचे! तेथे राजकुटुंबाच्या मूर्तीही होत्या. आता पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. धनी गेले, खातेवही राहिली. तीही जागोजागी झिजलेली.

मुक्कामास पावसाळा टाळावा. वाऱ्याने वर उधळणारा धबधबा पाहावयास तेव्हा अलोट गर्दी लोटते आणि धुक्यात कड्याची धार दिसत नाही. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

तंबू कोठे लावावा, यावरून घरोघरी वाद होतो. तरुणांना कड्याची कड हवी असते, वडीलधाऱ्यांना जुन्नरची खोली. या वादात जुन्नरचा बिबट्या विसरून चालणार नाही. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबटे उसातच पिले वाढवू लागले. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच उभारावे लागले. म्हणून उघडे पठार नको. घाटघरातील एखाद्या घरधन्यास विचारून त्याच्या अंगणात तंबू ठोकावा आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. तारे अंगणातूनही तितकेच दिसतात.

कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण हवे असल्याचे आधी कळवावे. गरम भाकरी-आमटी आटोपून सूर्यास्ताला कड्यापाशी निवांत पोहोचता येते. सूर्य थेट कोकणात उतरताना दिसतो. परतताना मात्र विजेरी जवळ असावी.

सकाळी जीवधन आणि त्याच्या कडेचा वानरलिंगी सुळका डोळे भरून पाहावा. गड चढण्याचा आग्रह लहान मुलांसह नको, वाट अवघड आहे. त्याऐवजी पूरचे कुकडेश्वर मंदिर गाठावे; कुकडी नदीचा उगम तेथे मानतात.