टूडी इको शाळेच्या दारापर्यंत का पोहोचत नाही?

गोमंतकीय वाचकांच्या कानावर हुबळी-धारवाड हे नाव बहुधा कळसा-भंडुराच्या संदर्भातच पडते. म्हादईचे पाणी ज्या शहरांची तहान भागवण्यासाठी वळवायचे, ती ही जोडशहरे. मात्र पाण्याइतकाच दुसरा एक प्रश्न या शहरांना गोव्याशी जोडतो आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. तो हृदयाच्या झडपांच्या विकाराचा आहे.

बंगळुरूच्या जयदेव हृद्रोग संस्थेचे केंद्र हुबळीत उभारण्याची घोषणा बसवराज बोम्मई मुख्यमंत्री असताना झाली. कलबुर्गीत मात्र जयदेवचे ३७१ खाटांचे रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये सुरूही झाले. त्या भागाला विशेष दर्जा देणाऱ्या घटनेच्या कलमाचा क्रमांकही ३७१ (जे) आहे. राजकारणात खाटांचे आकडेसुद्धा बोलके असतात. हुबळी-धारवाडमध्ये हृदयोपचार नाहीत असे नव्हे. १९५७ साली स्थापन झालेले हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांना परिचित असलेले किम्स, आणि धारवाडजवळ सत्तूर येथील एसडीएम संस्थेचे हृदयकेंद्र यांच्याकडे आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यामुळे नवे रुग्णालय कुठे व्हावे यापेक्षा झडपेचे पहिले चित्र रुग्णाच्या वयाच्या कोणत्या टप्प्यावर काढले जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गरीब वस्तीत हा विकार साध्या घसादुखीपासून सुरू होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग काही दिवसांत ओसरतो. पण काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंबरोबर स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावरही तुटून पडते. पाच ते पंधरा वर्षे वयात प्रामुख्याने दिसणारा हा ऱ्हुमॅटिक ताप होय. सांधे बरे होतात, झडप होत नाही. डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या कडा वर्षानुवर्षे जाड होत एकमेकींना चिकटतात. निरोगी झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडवर आले की विकार गंभीर मानला जातो. तोवर मुलगी मोठी होऊन सासरी गेलेली असते. गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते, ते या अरुंद तोंडातून पुढे सरकत नाही, फुप्फुसांत दाब वाढतो आणि धाप लागते. अनेकींच्या बाबतीत आजार तेव्हाच पहिल्यांदा उघड होतो.

हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी ही मुळात याच झडपेच्या अभ्यासातून पुढे आली. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर या डॉक्टरांनी आणि हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यातून धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र उसने आणले आणि ते रुग्णाच्या छातीला लावले. आजचे टूडी इको झडपेच्या पडद्यांची हालचाल, जाडी आणि त्यांवर साचलेले कॅल्शियम दाखवते, तर डॉप्लर रक्ताचा वेग मोजून दाबातील फरक सांगतो. झडप फुग्याने उघडता येईल की शस्त्रक्रियाच करावी लागेल, याचा निर्णय बहुतांशी या चित्रांवर ठरतो. फुग्याच्या उपचारात जयदेव संस्थेचा अनुभव जगातील अग्रगण्य संस्थांच्या तोडीचा आहे. हे कौशल्य अभिमानास्पद खरेच. पण त्याची इतकी गरज पडावी, ही बाब भूषणावह म्हणता येत नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून हा विकार तपासणीच्या यादीत आहे. शाळेत जाणाऱ्या पथकाचे मुख्य साधन मात्र स्टेथोस्कोपच. हरियाणातील बल्लभगड येथे ६२७० शालेय मुलांच्या तपासणीत स्टेथोस्कोपने दर हजारी एकापेक्षा कमी मुलांत विकार आढळला. त्याच मुलांचे इको केले तेव्हा प्रमाण दर हजारी वीसच्या वर गेले.

आता या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. इकोवर दिसलेला प्रत्येक सूक्ष्म बदल पुढे वाढतोच असे नाही. युगांडात अशा ८१८ मुलांवर दोन वर्षे अभ्यास झाला. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा विकार बळावला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्क्यांचा. म्हणजे फायदा स्पष्ट आहे, आणि उपचाराविना न बिघडलेल्यांची संख्याही मोठी आहे. मुलीच्या छातीत दोष असल्याची कुजबुज तिच्या लग्नापर्यंत पाठलाग करते, हे आपल्या समाजात विसरून चालणार नाही. तरीही एका स्वस्त इंजेक्शनाने शंभरातील सातांची झडप वाचत असेल, तर प्रयत्न करायला हवा, असे आमचे मत आहे.

इथे कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी सक्तीची आहे आणि इकोचे यंत्रही त्याच वर्गात मोडते. २०१२ च्या नियमांनुसार हातात नेण्याजोगे यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही. अपवाद इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाचा. कायद्याचा हेतू वादातीत आहे आणि तो सैल करा, असे कोणी म्हणू नये. पण अपवाद नियमातच लिहिलेला आहे. तो वापरण्याची तसदी जिल्हा प्रशासनाने घ्यायची आहे. फिजी, ब्राझील आणि युगांडात प्रशिक्षित परिचारिका व तंत्रज्ञ प्राथमिक इको करतात. संशयास्पद चित्र तेवढे हृदयरोगतज्ज्ञ पाहतात.

गोव्याचा संबंध इथे येतो. मूळ गोमंतकीयांच्या घरांत झडपेचा विकार आता बहुधा वृद्धांचा, महाधमनीची झडप वयोमानाने कडक होण्याचा. त्याच्या निदानासाठी बांबोळीला गोमेकॉ आहे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. परंतु झुआरीनगर, बायणा अशा वस्त्यांत धारवाड, गदग, हावेरी, विजापूर येथून आलेल्या मजुरांची मुले वाढतात, आणि दाटीची घरे हेच या संसर्गाचे माहेर. दीनदयाळ योजनेसाठी गोव्यातील पाच वर्षांचे वास्तव्य लागते. गोमेकॉत २०१८ पासून परराज्यांतील रुग्णांना शुल्क लावण्याचे धोरण आले. निदान झालेच तरी दर एकवीस दिवसांच्या इंजेक्शनाचा क्रम वर्षानुवर्षे पाळावा लागतो. पावसाळ्यात बांधकामे थंडावली की कुटुंब गावी जाते आणि तारीख चुकते.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. मुरगाव तालुक्यातील शाळांसाठी इकोसह एक फिरते पथक नोंदवणे गोवा सरकारच्या हाती आहे. किम्स आणि गोमेकॉ यांनी या मुलांची सामाईक नोंदवही ठेवली, तर वास्कोत सुरू झालेले इंजेक्शन कलघटगीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढे चालू राहू शकेल. म्हादईवर दोन राज्ये लवादासमोर वर्षानुवर्षे भांडली. या नोंदवहीसाठी दोन्ही आरोग्य खात्यांच्या सचिवांची एक बैठक पुरेल.