परदेशी मोहोर, घरचा मान

नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय टेलिव्हिजन अकादमीने वीर दास यांना विनोदी विभागातील एमी पुरस्कार विभागून दिला. त्याच महिन्यात गोव्याच्या इफ्फीत केंद्र सरकारने प्रथमच वेबमालिकेचा गौरव केला. तो मान ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला. तिच्यातील प्रधानजी, रघुवीर यादव, मूळचे जबलपूरचे. त्यामुळे ओमतीत राहणाऱ्या मला दुसऱ्या वार्तेचा आनंद अधिक झाला.

परदेशी परीक्षकांची दाद मोलाचीच. राधिका आपटे यांना 2019 मध्ये एमीचे नामांकन मिळाले, तर 2020 मध्ये ‘दिल्ली क्राइम’ सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. परंतु शासकीय सेवेत आयुष्य वेचलेल्या माझ्यासारख्यास प्रश्न पडतो: साऱ्या भारतीय भाषांतील वेबमालिकांना मिळून एकच पुरस्कार कसा पुरेल?

1954 साली ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक पटकावले. पुढे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत भाषावार सन्मान आले आणि हिंदीच्या छायेतील निर्मात्यांना प्रतिष्ठा लाभली. छोट्या पडद्यालाही हाच न्याय लावावा. त्यासाठी मोठा निधी नको, इच्छा हवी. अन्यथा मराठी वा कोंकणी मालिकेचे मोल जाणण्यासाठी आपण न्यूयॉर्ककडेच डोळे लावून बसू.