टिटव्यांचे पाय बघा

तुरी निघाल्या, हरभराही उपटायला आला. रिकाम्या रानात टिटव्यांचे थवे उतरताहेत. टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून आपण पावसाचा अंदाज बांधतो, पण थव्यातली प्रत्येक टिटवी एकाच जातीची आहे का, हे कोणी बघत नाही. माझं म्हणणं, बघायला पाहिजे.

कारण त्यात एखादी सोशिएबल लॅपविंग असू शकते. ही टिटवीचीच पाहुणी बहीण. कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ माळावर अंडी घालते, हिवाळ्यात गुजरात-राजस्थानकडं येते, आपल्या राज्यात क्वचितच. जगभरात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद आहे. येण्या-जाण्याच्या वाटेवर शिकार फार होते.

ओळख पायावरून. आपली नेहमीची टिटवी, लाल चोचीची, तिचे पाय पिवळे. माळावरची, डोळ्यापुढं पिवळी कातडी लोंबणारी, तिचेही पिवळे. हिचे मात्र काळे. पण काळ्या रानात पाणी दिलेलं असलं की पिवळ्या पायांनाही चिखल बसतो आणि सगळ्याच काळ्या पायाच्या दिसतात! मग डोकं बघा. डोळ्यावर रुंद फिकट पट्टा, दोन्हीकडून मागं जाऊन मानेवर इंग्रजी व्ही सारखा जुळलेला. चोच काळी, आखूड, आणि लोंबती कातडी अजिबात नाही. उडाली तर पंखाची मागची कड अंगाकडं पांढरी, टोकं काळी. आपल्या दोन्ही टिटव्यांची मागची कड काळीच असते. परतीच्या दिवसांत, मार्चकडं, हिच्या पोटावर काळा डाग चढायला लागतो. सोनेरी चिखल्याचेही पाय काळपट असतात, पण तो चणीनं लहान आणि पाठीवर पिवळे ठिपके.

ग्रुपवर "दुर्मिळ टिटवी" म्हणून फोटो येतात, त्यात पाय ढेकळामागं आणि मान वळलेली. असल्या फोटोवर कुणी नाव ठोकू नये, मग तो पाठवणारा डॉक्टर असो की प्राध्यापक.

आणि शहरातनं कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनी रानात घुसून पाखरू उठवू नये. ट्रॅक्टरला, बैलाला टिटव्या फारशा बुजत नाहीत, पायी चालत आलेल्या माणसाला बुजतात. खरी पाहणी आपल्यालाच जमेल, नांगरता नांगरता. दिसली तर त्याच दिवशी गट नंबर जाहीर करू नका.

आणखी एक. तिला पडीक, रिकामं, आखूड गवताचं रान लागतं. तिथले किडे, नाकतोडे खाऊन ती हिवाळा काढते. आपण पडीक म्हटलं की वाया गेलेली जमीन समजतो, ते मला पटत नाही.

कृषी विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, म्हणून विनंती: नोंद करताना पक्ष्याबरोबर रानात काय होतं तेही लिहा. तुरीचे धसकट, नांगरट, की नुसतं पडीक. आणि फोटोत पाय येऊ द्या.