दगडाला पैसे कशाला बे?

आपल्या हॉस्टेलच्या बोन्साय ग्रुपला यंदा कुंड्यांसाठी थोडाफार निधी मिळणार आहे. तो सिमेंटच्या गेरू फासलेल्या कुंड्यांवर जाऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुंड्या काळ्या दगडाच्या घ्याव्यात, त्या पाथरवटाकडून नवीन घडवून घ्याव्यात आणि त्याची मजुरी रीतसर द्यावी.

‘दगडाला पैसे कशाला बे?’ हा प्रश्न मला मेसच्या लाईनीत उभं असताना किती जणांनी विचारला त्याला गणती नाही. सोलापुरात दगडाला तोटा नाही हे कबूल. काळी माती संपली की मुरूम, मुरूम संपला की काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून दख्खनचा जो खडक झाला, तोच हा बेसाल्ट. पण पैसे दगडाचे नसतात, आतला दगड बाहेर काढण्याचे असतात!

बोन्साय ह्या जपानी शब्दातच ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साय’ म्हणजे लावलेलं झाड. म्हणजे निम्मं नाव कुंडीचंच. चीनमध्ये तर संगमरवराच्या उथळ तबकात झाडं आणि खडक मांडायची जुनी परंपरा आहे. मग आपण सिमेंट का घ्यायचं? नवीन सिमेंट पाण्यात चुना सोडत राहतं, कुंडी कितीतरी दिवस भिजवून ठेवावी लागते. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार किती आहेत ते ज्याने रूमवर चोरून हीटर लावलाय त्याला विचारा (रेक्टर सर, हे ऐकीव आहे). वर आणखी चुना कशाला? मातीत चुना वाढला की झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात.

शहाबादी फरशीचं पण तेच. वाडीच्या रेल्वेलाईनवरचं ते शहाबाद, तिथून येणारी फरशी आपल्या घराघरात आहे. सपाट, स्वस्त, थर आपोआप सुटे होणारे. चार-पाच झाडांचं छोटं जंगल मांडायला मोह होतोच. पण तो चुनखडक आहे, लॅबमधल्या सौम्य ॲसिडचा थेंब टाकून बघा, फसफसतो. वड-पिंपळ सहन करतील, नाजूक झाडं नाही करणार. बेसाल्टवर ताज्या फोडीला असं काही होत नाही.

आता घडवायचं कसं? मी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका पाथरवट काकांकडे तीन रविवार जाऊन बसलो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘टाकी’ म्हटलं की मला गच्चीवरची पाण्याचीच आठवायची! काका आधी दगड वाजवून बघतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, सोडून द्यायचा. आपण ह्यालाच नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणून मार्क मिळवतो. मग छिन्नीने रेघ मारून मधला भाग थोडा थोडा उकरत जायचा. आतले कोपरे काटकोनात ठेवायचे नाहीत, गोल ठेवायचे, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते (स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, सेकंड इयर). तळाला पाणी जायला निदान दोन भोकं, आणि झाड तारेने बांधायला दोन बारीक. भोक एकाच बाजूने आरपार मारलं तर शेवटी खालून मोठी ठिकरी उडते, म्हणून निम्मं वरून, निम्मं खालून. आतला तळ भोकांकडे किंचित उतरता. बेसाल्ट पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे सगळा निचरा ह्या भोकांवर आणि मातीवर अवलंबून. मातीत चाळलेला मुरूम भरपूर घालायचा, तोही इथलाच.

वजनाचा मुद्दा खरा आहे. 40 बाय 30 सेंटिमीटरचं, 12 सेंटिमीटर उंचीचं तबक धरा. दगडाची घनता 2.9 धरली तर अख्खा ठोकळा जवळपास 42 किलो. बाजू आणि तळ 4 सेंटिमीटर ठेवून उकरला तर उरतात सुमारे 25 किलो. दोघांनी उचलायचं काम. उन्हाचा मुद्दाही खरा. मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर आणि वरून दगड काळा! मुळं भाजायची. म्हणून कुंडी दुपारनंतर सावलीत येईल अशीच ठेवायची, भिंत जाड ठेवायची, आणि खाली दोन विटा देऊन तळाला हवा खेळू द्यायची.

काही जण म्हणतात, त्यापेक्षा गावाकडून जुनी उखळं, जाती, गुरांच्या पाण्याच्या डोणी उचलून आणू. जात्याला तर भोक तयारच! मला हे अजिबात पटत नाही. डोणी गावाची असते. गावाच्या वेशीवर पडलेला दगड वीरगळ असू शकतो, आणि भुईकोट किल्ल्यातल्या पडझडीचा तर खडासुद्धा हलवायचा नाही. शिवाय जुन्या वस्तूंच्या धंद्यात दुकानदाराचं उखळ पांढरं होतं, ज्याच्या आजोबाने ते उखळ घडवलं त्याच्या हाताला काम मिळत नाही ते नाहीच. मिक्सर आल्यापासून पाट्याला टाकी लावून घ्यायला कोण येतं? काकांकडे तिन्ही रविवार मिळून दोनच गिऱ्हाइकं आली. त्यांचा मुलगा फरशी बसवायच्या कामावर जातो, आणि त्याचं बरोबरच आहे, तिथे रोज पैसे मिळतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण प्रत्येक गॅदरिंगच्या भाषणात असते, पण टाकी धरणाऱ्याला दिवसाला किती सुटतात हे कोणी विचारत नाही.

वर्कशॉपमधला ग्राइंडर घेऊन आपणच करू, असंही एका सिनियरने सुचवलंय. कृपा करून नको. कोरड्या दगडावर ब्लेड चालवलं की जी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते. कापायचंच तर पाणी सोडत आणि चांगला मास्क लावून. आणि हा मास्क काकांनाही द्यायचा, रुमालाने भागत नाही. निधीतून पहिली खरेदी तीच असावी.

तर सुरुवातीला दोनच तबकं सांगू. मजुरी गवंड्याच्या रोजाइतकी, आणि तीसुद्धा निम्मी आगाऊ. एकात उंबर लावू, तो जुन्या भिंतीच्या फटीतही तग धरतो. दुसऱ्यात काय लावायचं त्यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे.