तटाच्या आतली भाषा

छोट्या भाषेचं नाव निघालं की वाचकांचा पहिला प्रश्न ठरलेला: बोलणारे किती? इथिओपियातल्या हरारीचं उत्तर आहे, पंचवीस हजारांच्या आसपास. दहा कोटींहून अधिक वस्तीच्या देशात एवढीच माणसं, असं म्हणून लोक लगेच हळहळायला लागतात. मला ही हळहळ घाईची वाटते.

हरार हे पूर्व इथिओपियातलं तटबंदीचं शहर. सोळाव्या शतकात अमीर नूरने बांधलेला तट आजही उभा आहे. जानेवारी १८५५ मध्ये इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन इथे पोचला. हरारी फक्त तटाच्या आत चालते, अशी नोंद करून त्याने आपल्या पुस्तकाला तिचं व्याकरणही जोडलं. आजूबाजूला ओरोमो आणि सोमाली, मधोमध अम्हारिकच्या नात्यातली ही सेमिटिक भाषा. १८८७ मध्ये, पुढे इथिओपियाचा सम्राट झालेल्या मेनेलिकने हरार जिंकलं आणि कचेरीत अम्हारिक आली. धर्मकार्यात अरबी होतीच. बाजारात तर ओरोमोशिवाय पान हलत नाही.

मग हरारीला जागा उरली कुठे? घरात आणि अफोचात. अफोचा म्हणजे लग्न आणि मयत निभावून नेणारी मंडळं. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. लग्नघरी राबायचं, मयताच्या घरी जाऊन बसायचं, आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. अशा ठिकाणी माणूस भाषा टिकवायला जात नाही. चार माणसांत राहायचं असतं म्हणून जातो, आणि तिथे जी बोलली जाते ती आपसूक बोलतो. एवढा भक्कम आधार कुठल्याही सरकारला देता येणार नाही, असं माझं मत आहे.

सरकारने दिलं तेही कमी नाही. १९९५ च्या राज्यघटनेने हरारींना स्वतंत्र राज्य दिलं, देशातलं सर्वांत लहान. ओरोमोबरोबर हरारीही तिथली कामकाजाची भाषा आहे आणि ती शाळेत शिकवली जाते. २००७ च्या जनगणनेत या राज्यात हरारी लोक दहांत एकही नव्हते. तरी प्रादेशिक परिषदेच्या ३६ पैकी १४ जागा त्यांच्या. बहुसंख्य ओरोमोंना हे खुपलं तर नवल नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. १९४८ मध्ये सम्राटाच्या सरकारने हरारींवर केलेली दडपशाही आणि सम्राटाची सत्ता उलथवणारी १९७४ ची क्रांती यांनी हरारी कुटुंबं तटाबाहेर फेकली. कुणी आदिस अबाबाला गेलं, कुणी थेट टोरोंटोला. हरारात शेजार, सोयरीक आणि अफोचा एकाच गल्लीत असतात. आदिसमध्ये शेजारी अम्हारिक बोलतो, शाळाही अम्हारिक. गाफात नावाची भाषा अशीच अम्हारिकमध्ये विरून गेली. १९४७ मध्ये वोल्फ लेस्लाऊ या अभ्यासकाला ती बोलू शकणारे चार जण मिळाले. गाफात लोकांचा वंश काही खुंटला नव्हता. घराघरांत बोलणं तेवढं बदललं होतं.

हरारच्या परिषदेतल्या त्या १४ जागांसाठी हरारबाहेर राहणाऱ्या हरारींनाही मत देता येतं. मतासाठी आदिसची माणसं आपली, तर त्यांच्या मुलांना हरारी शिकवण्याची जबाबदारीही हरारच्या सरकारचीच आहे.