सलग वाटेची किंमत

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुले-मुली स्थायिक झाली आहेत. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना नेवार्क शहरातील ब्रँच ब्रूक उद्यानाचा चेरीचा बहर हमखास दाखविला जातो. आज तेथे पाच हजारांहून अधिक चेरीवृक्ष आहेत. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध बहरालाही ही संख्या मागे टाकते. परंतु फुलांपेक्षा या उद्यानाच्या मालकीची हकीकत मला अधिक उद्बोधक वाटते. ते नेवार्क नगरपालिकेचे नसून एसेक्स काउंटीचे आहे.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. एसेक्स काउंटीत नेवार्कसह २२ नगरे आहेत. प्रत्येक नगराची हद्द निराळी, तिजोरी निराळी. डोंगर आणि ओढे मात्र हद्द पाहून वाहत नाहीत. म्हणूनच १८९५ साली कायदा होऊन तेथे काउंटीचे उद्यान मंडळ स्थापन झाले. साऱ्या काउंटीसाठी एकत्रित उद्यानव्यवस्था आखणारे हे अमेरिकेतील पहिले मंडळ. मतदारांचा कौल घेऊन त्याच्यासाठी पंचवीस लाख डॉलरचे कर्जरोखे उभारण्यात आले. कर्ज काढून बाग करणे हे आपल्यासारख्या हिशेबी माणसांना प्रथमदर्शनी खटकेल. परंतु भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतला भेद आपल्याहून कोणाला अधिक कळतो? वस्ती वाढण्यापूर्वी घेतलेली जमीन आणि वस्ती वाढल्यावर घेतलेली जमीन यांच्या भावात जे अंतर पडते, त्यापुढे रोख्यांचे व्याज क्षुल्लक ठरते.

मंडळाने काय घेतले, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रँच ब्रूकची जागा काही अंशी दलदलीची होती, आणि यादवी युद्धाच्या काळात तिथे सैनिकांची छावणी पडली होती. कोणी बंगला बांधावा अशी ही जागा नव्हे. आज ती सुमारे साडेतीनशे एकरांची, जवळजवळ चार मैल लांबीची हिरवी पट्टी आहे. पश्चिमेच्या टेकड्यांवर साउथ माउंटनचे दोन हजारांहून अधिक एकरांचे रान त्याच मंडळाने राखले. आखणीचे काम १८९८ पासून ओल्मस्टेड बंधूंच्या पेढीकडे आले. त्यांच्या मूळ आखणीत निसर्गदृश्याला मान होता. बेसबॉलची मैदाने व इतर खेळांच्या जागा यांचा आग्रह पुढे वाढत गेला. हिरवळ राखावी की मुलांना धावू द्यावे, हा वाद तिथेही जुनाच आहे. माझे मत मुलांच्या बाजूने आहे.

मंडळाचे एक संस्थापक सदस्य फ्रेडरिक केल्सी हे स्वतः रोपवाटिकेचे व्यापारी. त्यांनी १९०५ साली या कार्याचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला. त्यातील पुष्कळ पाने एकाच कलहाला वाहिलेली आहेत. बागा आणि डोंगरावरील रान यांना जोडणारे वृक्षराजीचे रुंद मार्ग मंडळाला हवे होते. पार्क अव्हेन्यू आणि सेंट्रल अव्हेन्यू हे दोन रस्ते त्यासाठी निवडले होते. त्याच रस्त्यांवर ट्राम कंपन्यांचा डोळा होता. वर्षानुवर्षे ओढाताण चालली. बागा झाल्या, पण त्यांना गुंफणारा दोरा मनाजोगता गुंफला गेला नाही. जागा विकत घेता येते. दोन जागांमधली सलगता मिळविणे त्याहून कठीण, कारण तिच्यात अनेकांचे हितसंबंध आडवे येतात.

चेरीची पहिली झाडे मात्र सरकारी खर्चाने आलेली नाहीत. नेवार्कमधील बॅम्बर्गर हे मोठे दुकान चालविणाऱ्या कुटुंबातील कॅरोलिन बॅम्बर्गर फुल्ड यांनी १९२७ साली दोन हजारांवर झाडे दिली. पुढे १९२९ मध्ये दुकान मेसी कंपनीला विकले गेले, आणि १९३० मध्ये याच बहीण-भावांनी प्रिन्स्टनची प्रगत अध्ययन संस्था स्थापिली, जिथे आइन्स्टाइन यांनी आपली अखेरची वर्षे काढली. दुकान विकले गेले, झाडे मात्र दर वसंतात फुलतात. दान कोणत्या खात्यात टिकते, याचा हा ताळेबंद व्यापाऱ्याने वाचावा असा आहे.

केल्सींच्या काळी निसटलेला दोरा आता वेगळ्या मार्गाने हाती येत आहे. माँटक्लेअरपासून जर्सी सिटीपर्यंत जाणाऱ्या बून्टन रेल्वेमार्गावरील प्रवासी गाड्या २००२ साली बंद झाल्या. सुमारे नऊ मैलांची ही पट्टी पादचारी आणि सायकलस्वारांसाठी राखावी, यासाठी नागरिकांनी अनेक वर्षे आग्रह धरला. पट्टीचे तुकडे पाडून विकले असते, तर बाजारभाव कदाचित अधिक आला असता. पण पुन्हा सलग नऊ मैल कोणत्याही किमतीला मिळाले नसते. राज्य सरकारने २०२१ साली साडेसहा कोटी डॉलरला ती घेण्याचा निर्णय जाहीर केला. ती आठ नगरांतून जाते. पसेइक आणि हॅकेन्सॅक या दोन नद्या ओलांडते. खरी कसोटी त्या नद्यांवरच आहे, कारण दोन्ही पूल आगगाडीच्या काळातले, जुने आहेत.