रेस वाढवून दिलीय!

बाबांची १९९६ ची मारुती ८०० सिग्नलला थरथरायची आणि बंद पडायची. मागचे हॉर्न ऐकून ऐकून बाबांनी चालवणंच सोडलं. "विकून टाका आता," असं आत्या, काका, सगळेच म्हणू लागले. (वाचताय ना?) गॅरेजवाल्याने आधी रेस वाढवून दिली, मग नवा कार्बोरेटर सुचवला.

माझं स्पष्ट मत आहे, रेस वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. गाडी वेगात मस्त पळते आणि उभी राहिली की मिसिंग मारते, तर पहिला संशय हवेच्या गळतीवर घ्यावा. वेगात इंजिन इतकी हवा ओढतं की चिरेतून शिरलेली जाणवत नाही. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद; तिथे तेवढीच जास्तीची हवा मिश्रणातलं पेट्रोलचं प्रमाण बिघडवते.

रविवारी इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबत गेलो. (पंखा नि पट्ट्यापासून बोटं लांब ठेवा हं!) तिसरी दाबली आणि थरथर थांबली! इतक्या वर्षांचं रबर, तडकणारच.

नळी बदलली, रेस पुन्हा खाली आणली. काल बाबा गाडी घेऊन दूध आणायला गेले. डेअरी समोरच आहे... असो.